दोराला हात लावेल त्याचा वाटा

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि रझिया मजगावकर उत्तरेकडच्या दोरावर होती. टाचा वाळूत रुतवायच्या, कंबर मागे टाकायची, दोर पोटाशी आणायचा, एक पाऊल मागे. साठी उलटलेल्या बाईला हे काम झेपतं का, असा प्रश्न खारवठीत कोणी विचारत नाही. झेपत नसतं तर ती तिथे नसती. तिच्या पुढे बाबल्या होता, मागे वरच्या वाडीतल्या दोन कुणबिणी. पुढे-मागे आणखी माणसं, आणि तेवढीच तिकडे दक्षिणेच्या दोरावर. पहाटे होडीने आत नेऊन अर्धगोलात टाकलेलं मोठं जाळं, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर आणि दोन्हीकडून ओढणारी माणसं, याला रापण म्हणतात. जाळ्याची पिशवी वाळूला लागेपर्यंत तासभर तरी जातो. त्या तासात बोलण्यापेक्षा धापा टाकणं जास्त असतं.

नोव्हेंबर होता. सड्यावरून खाली उतरणाऱ्या नव्या पायऱ्यांवर माणसांची रांग दिसली. डोक्यावर एकसारख्या गवती टोप्या, हातात मातीच्या कुल्हडात चहा. कुल्हड कोकणातलं नव्हे, पण हॉटेलला माती म्हणजे माती.

बाबल्याने मान वळवून पाहिलं. "आली गो वरात. नवरी कुठली?"

"नवरी आपुन," रझिया म्हणाली. "वढ तू."

हॉटेलचं नाव 'सडा अँड सॉल्ट'. सडा म्हणजे खारवठीच्या डोक्यावरचं जांभ्याचं सपाट पठार. तिथे गावाची गुरं चरत, पावसाळ्यात कातळावर जांभळी-पिवळी फुलं येत आणि गावाची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, तिथूनच वर्षभर वरच्या वाडीला जाई. जमिनीचे मालक दोन पिढ्या मुंबईत होते. सडा त्यांनी सुट्टीतही नीट पाहिलेला नव्हता, त्यामुळे विकताना त्यांना जड गेलं नाही. भूमिपूजनाला सरपंच म्हणाले, खारवठी आता जगाच्या नकाशावर येणार. नकाशावर खारवठी आधीही होती. आता त्याच नकाशात हॉटेलचं नाव ठळक आहे आणि गाव शोधायला बोटांनी पडदा मोठा करावा लागतो.

रोजगार मिळेल असं सांगितलं होतं, आणि मिळाला. गावातली काही माणसं गेटवर उभी राहतात आणि गावातल्याच बाकीच्या माणसांना आत जाऊ देत नाहीत. काही जण जांभ्यावर बाहेरून आणलेल्या मातीत लावलेल्या हिरवळीला पाणी घालतात. वरच्या वाडीची विहीर मार्चअखेर आटायची, ती आता फेब्रुवारीतच तळ दाखवते. हॉटेलच्या तळ्यात बदकं सोडली आहेत. शाळेला हॉटेलने कचऱ्याचे डबे दिले, त्यांवर हॉटेलचं नाव आहे. स्वागतकक्षाच्या भिंतीवर सड्यावरच्या रानफुलांचं भलंमोठं छायाचित्र आहे. ज्या कातळावर ती फुलत, त्यावरच ती भिंत उभी आहे. हे पाहुण्यांना आवर्जून सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

रझियाचं हॉटेलशी पहिलं भांडण पाखाडीवरून झालं. वाट्याला आलेली मासळी टोपलीत घालून ती पाखाडीने सडा चढायची आणि वरच्या वाडीत दारोदार विकायची. मासळी ताजी असे, कारण वाट आखूड होती. कुंपण आलं तेव्हा वाट लांबली. डांबरी रस्त्याने वळसा घालून जायचं तर उन्हात टोपलीवर माश्या बसायच्या आत पोचणं कठीण. ती गेटवर गेली. गेटवर गावातलाच विनोद होता, निळ्या शर्टात.

"चाची, इथनं नाय जाता येत."

"काल जात होती."

"काल हाटेल नव्हता."

"मंग हाटेलाला सांग बाजूला सरायला," ती म्हणाली, आणि वळसा घालून गेली. त्यानंतर ती रोजच वळसा घालून जाते. तक्रार करून वाट सरळ होत नाही, हे तिला नवऱ्याच्या आजारपणात सरकारी इस्पितळाच्या खेपा घालताना कळलं होतं.

नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. तो गेला त्या वर्षी रझियाची मुलगी रुबिना शाळेत होती. दिराने घर दिलं, पण चूल वेगळी करायला सांगितली. एका पहाटे ती पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत गेली, रापण ओढणाऱ्या माणसांच्या मागे उभी राहिली आणि तिने दोराला हात लावला. कोणी हटकलं नाही. पिशवी वाळूवर आली, मासळी पसरली, तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, वाटे घातले, आणि एक वाटा तिच्या पायाशी पडला. दुसऱ्या कोणाच्या वाट्यापेक्षा लहान नाही, मोठा नाही.

खारवठीच्या रापणीचा हाच नियम होता: पिशवी वाळूला लागायच्या आत ज्याचा हात दोराला लागला, त्याचा वाटा. होडीचा आणि जाळ्याचा वाटा वेगळा निघायचा, तो भागीदार घरांचा. पण ओढणाऱ्याला जात, गाव, घर विचारायचं नाही. एसटी चुकलेले मास्तर पुळणीवर येऊन ओढायचे आणि दुपारच्या कालवणाची सोय करून जायचे. एकदा चोरीच्या तपासाला आलेला हवालदार अर्धा तास दोरावर राहिला आणि बांगडे हेल्मेटात घालून परत गेला. नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नाही. तो लिहिलेला नव्हता, त्यामुळे त्यात फट शोधायचंही कोणाला सुचलं नव्हतं. गावाबाहेरचे लोक थव्याने येऊन दोर धरतील ही कल्पनाच खारवठीत कोणाला आलेली नव्हती. रापण ओढायला हौस लागत नाही, गरज लागते. त्यामुळे गर्दी आपोआप मर्यादेत राहायची.

वाटा दिला म्हणजे रझियावर कोणी दया केली नव्हती. म्हणूनच ती दुसऱ्या दिवशी परत येऊ शकली, आणि नंतर वीस वर्षं.

तर, त्या नोव्हेंबरच्या सकाळी टोपीवाले पाहुणे खाली आले. त्यांच्यापुढे मनस्वी होती, हॉटेलच्या 'अनुभव विभागा'ची प्रमुख. पुण्याची, तिशीच्या आतली, चुणचुणीत आणि सगळ्यांशी अहो-जाहो करणारी. तिने आधीच, बापाच्या जागी आता तांडेल असलेल्या गंगारामशी ठरवून ठेवलं होतं की पाहुणे रापण बघतील आणि थोडा वेळ ओढतील. बदल्यात हॉटेल जाळी ठेवायच्या मांगराला नवे पत्रे घालून देईल. गंगारामने मान डोलावली. मांगर गळत होता हे खरं. आणि विनोद गंगारामचा पुतण्या होता, हेही खरं.

पाहुण्यांनी दोर धरला. एकाने हातमोजे घातले होते. एका बाईने दोर धरून आपला फोटो नवऱ्याकडून तीन वेळा काढून घेतला, कारण पहिल्या दोन्हीत बाबल्या येत होता.

"अरे, ह्ये दोर वढतात का दोराला लोंबकळतात?" बाबल्या म्हणाला. "मगासपासना जड झालाय."

"काय म्हणाले काका?" हातमोजेवाल्याने विचारलं.

"तुमची ताकद बघून चाट पडलेत," मनस्वी म्हणाली. चुणचुणीत होती ती.

पिशवी वाळूवर आली. तारली भरपूर, थोडे बांगडे, मूठभर कोळंबी. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गंगारामने वाटे घालायला सुरुवात केली आणि तो थांबेचना. पाहुण्यांच्या पायाशीही एकेक वाटा पडू लागला.

"काका, यांना नको," मनस्वी म्हणाली. "हे फक्त अनुभवासाठी आलेत."

"दोराला हात लावला ना त्यांनी?"

"लावला, पण..."

"मंग वाटा," गंगाराम म्हणाला. त्याची छाती पुढे आली होती. "हा खारवठीचा कायदा हाय, ताई. राजा आला तरी वाटा, आनि भिकारी आला तरी वाटा. आमच्या रापनीत कोन पाव्हना नाय."

पाहुणे भारावले. कोणी तरी कॅमेऱ्यासमोर त्याच्याकडून ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, आणि गंगारामने ते पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हटलं. एका वृद्ध गृहस्थांनी हे खरं समाजवादी गाव आहे असं जाहीर केलं. मग सगळे पायऱ्या चढून नाश्त्याला गेले आणि त्यांचे वाटे वाळूवर तसेच राहिले. मांजरांनी आणि घारींनी त्या दिवशी समाजवाद अनुभवला.

रझियाने आपला वाटा टोपलीत भरला. तो नेहमीपेक्षा कमी होता. तिने गंगारामकडे पाहिलं आणि टोपली उचलली. एका दिवसाने काय होतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मागोमाग हॉटेलच्या खानसाम्याचा माणूस बर्फाची खोकी घेऊन आला. पाहुण्यांचे वाटे त्याने खोक्यांत भरले. मनस्वीने रात्री ही गोष्ट वर सांगितली होती आणि वरच्यांना ती फार आवडली होती. संध्याकाळी हॉटेलच्या खाद्यपत्रिकेत नवी ओळ आली: 'आपण स्वतः ओढलेली मासळी'. तिची किंमत नुसत्या मासळीपेक्षा जास्त होती. हातमोजेवाल्याने स्वतः ओढलेला बांगडा विकत घेतला, खाल्ला आणि समाधानाने झोपला.

यात हॉटेलने चोरी केली असं कोणाला म्हणता येणार नाही. त्यांनी गावाचा नियम पाळला. गावाला तो जेवढा पाळता येत नव्हता, तेवढा पाळला. आठवड्यात पाहुण्यांची संख्या वाढली. डिसेंबरात एक लग्न होतं, तेव्हा वऱ्हाड आलं. नवरदेवाच्या मावशीने पैठणी खोचून दोराला बोट लावलं, नुसतं बोट, आणि गंगारामने वाटा घातला. त्या दिवशी दोरावर खरोखर ओढणारे कमी आणि वाटेकरी दोन्ही दोरांवर मिळून मावणार नाहीत इतके होते.

"गंगारामभाऊ," रझिया म्हणाली, "बोट लावला तरी वाटा?"

"बोट हाताचाच भाग ना गो," बाबल्या मधेच म्हणाला.

गंगाराम हसला नाही. "मी बोलून बसलोय," तो म्हणाला. "च्यानेलवर आलाय ता. आता कसा फिरवू?"

माणूस वाक्यासाठी काय काय सोसतो ते पाहण्यासारखं असतं. गंगारामचं वाक्य हॉटेलच्या जाहिरातीत होतं, त्याच्या तोंडाच्या छायाचित्रासह. मुंबईच्या व्याह्यांनी ते पाहिलं होतं. स्वतःच्या घरी येणारी मासळी निम्मी झाली तरी ते वाक्य मागे घेणं त्याला परवडत नव्हतं.

रझियाला ते वाक्य खायला मिळत नव्हतं. तिच्या वाट्याची टोपली होती, ती हातातल्या पिशवीवर आली, आणि पिशवीही अर्धी. अर्धी पिशवी घेऊन वळसा घालून वरच्या वाडीत जायचं तर चौथ्या दारीच मासळी संपायची आणि पाचव्या दारी बोलणी बसायची. ती दारंही मग तिची वाट बघेनाशी झाली. हातखंब्याकडून बर्फातल्या मासळीचा टेम्पो येऊ लागला होता. त्यातली सुरमई कुठल्या समुद्रातली हे टेम्पोवाल्यालाही ठाऊक नव्हतं, पण ती वेळेवर येत होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरची वाडी महामार्गावरून आलेली मासळी खाऊ लागली.

ती मनस्वीला जाऊन भेटली. गेटवर विनोदने अडवलं नाही. तो आताशा तिच्या नजरेला नजर देत नसे. मनस्वीने तिला सावलीत बसवलं, कोकम सरबत दिलं.

"मावशी, तुम्ही सांगा ना. काय करू मी?"

"पाव्हन्यांना सांगा, बघा. हात नका लावू."

"हात लावणं हाच तर अनुभव आहे, मावशी."

"मंग हात लावू दे. वाटा नका उचलू."

मनस्वीने सरबताचा पेला तिच्याकडे सरकवला. मुलगी वाईट नव्हती, हे रझियाने नंतर रुबिनाला सांगितलं. पण वाईट नसणाऱ्या माणसांकडे बोलायला नेहमी एखादं बरोबर वाक्य असतं. मनस्वीकडेही होतं.

"पण मावशी, नियम तुमचाच आहे. आम्ही तो मोडला तर गावाचा अपमान नाही का होणार?"

रझियाने सरबत अर्धं ठेवलं. त्यात साखर फार होती.

जानेवारीत भागीदार घरांच्या पोटातही कळ उठली. एका दुपारी मांगरात बैठक बसली, नव्या पत्र्यांखाली. बायका आणि बिगरभागीदार दारात. बाबल्याने विषयाला तोंड फोडलं.

"माजा बोलना येवढाच," तो म्हणाला. "आपुन वढायचा आनि हाटेलानं खायचा, ह्ये किती दिवस? उद्या म्हनतील होडीला पन आमीच बोट लावला. तवा ह्यांना बंद करा."

"कसा बंद करणार?" गंगाराम म्हणाला. "नियम हाय."

"नियम आपुनच बदलायचा. आपली जी भागीदार घरा हायत, तेवढ्यांनाच वाटा. बाकी कोन हात लावो, कोन पाय लावो. हात जोडून रामराम."

माना डोलल्या. रझियाचीही मान जवळजवळ डोलली. मग ती थांबली; तिचं घर भागीदारांत नव्हतं. दारात तिच्या शेजारी वरच्या वाडीतल्या त्या दोन कुणबिणी होत्या. त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाशी धरला.

तेवढ्यात विनोद उठला. निळा शर्ट त्याने त्या दिवशी घातला नव्हता, पण तो घातल्यासारखाच बोलला. "हाटेलाला ह्याच्यात काय अडचन नाय. उलट ते बरा बोलतात. पाव्हने दोर वढतील, फोटो काढतील, वाटा नाय घेनार. सगळा म्हावरा हाटेल एकदम घेईल, भागीदारांच्या नावावर. उन्हातान्हात विकायला कुठं जायचा नाय. कसा हाय, त्यांना पन कोनाशी बोलायचा ता कळला पायजे. आज कोन येतो, उद्या कोन येतो, असा नाय चालत त्यांचा."

म्हणजे हॉटेलने यावर आधीच विचार केला होता. बाबल्याला वाटत होतं की आपण हॉटेलला हाकलतोय. त्याच्या हातात दोराचं टोक होतं, पण ओढणारे पलीकडे होते. पाहुण्यांचे वाटे जमवण्यात खानसाम्याचा माणूस दमत होता. त्यापेक्षा जाळ्याची आख्खी पिशवी मिळाली तर हॉटेल का नाही म्हणेल?

रझिया दारातून बोलली. बैठकीत बाईने बोलायचं नाही असा नियम नव्हता. फक्त कोणी बोलत नसे.

"आनि माजा हात?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. गंगारामला तिचा विसर पडला होता हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि आठवण झाल्यावर त्याला खरोखर वाईट वाटलं, हेही दिसलं.

"तुजा काय गो रझियाबी," तो म्हणाला. "तू काय परकी हायस? तुला आमी देऊ."

"देऊ म्हंजे?"

"देऊ म्हंजे देऊ. पिशवी काढून ठेवू रोज. तुला कोन उपाशी ठेवतो काय?"

"गंगारामभाऊ, तुज्या बापसानं मना कदी दिला नाय," रझिया म्हणाली. "मी वढला आनि घेतला. वीस वर्सा. देनारा कोन नव्हता मधी."

"तोच म्हावरा, तीच पिशवी," बाबल्या म्हणाला. "उगी शब्दांवर अडू नको."

"मंग तूच घे ती पिशवी आनि तुजा वाटा मना दे. तोच म्हावरा ना?"

कोणीतरी हसलं. बाबल्या नाही.

हात वर करून निकाल लागला. बाबल्याने हात वर केला, पण कोपरापर्यंतच. भांडण सुरू झालं होतं पाहुण्यांना हाकलण्यासाठी. संपलं तेव्हा पाहुणे जागच्या जागी होते आणि रझिया बाहेर होती, त्या दोन कुणबिणींसह. तिला बाहेर काढायचा डाव कोणाचा नव्हता. माणसं घाबरली की आपापली घरं मोजतात, आणि मोजदाद सुरू झाली की कोणीतरी उंबऱ्याबाहेर राहतंच. त्यासाठी हॉटेलने नुसतं तिथे असणं पुरलं.

लोकांना वाटलं रझिया आता तोंड दाखवणार नाही. ती दुसऱ्याच दिवशी आली. स्वाभिमानावर भात शिजत नाही, एवढं तिला कळतं. तिने दोर ओढला, सगळ्यांसोबत. मासळी हॉटेलच्या खोक्यांत गेली आणि गंगारामने बाजूला काढलेली पिशवी तिच्या हातात दिली. पिशवी चांगली भरलेली होती, डिसेंबरातल्या वाट्यापेक्षा जड. गंगारामला दिलासा हवा होता आणि तो पिशवीच्या वजनातून मिळवत होता.

हे काही दिवस चाललं. कुणबिणी तिसऱ्या दिवसापासून यायच्या थांबल्या. त्यांच्यासाठी पिशवी कोणी काढली नव्हती, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. टोपीवाले पाहुणे यायचे. रझिया पिशवी घेताना एका पाहुणीने मनस्वीला विचारलं, "त्या आजींना फुकट देतात का? किती छान." मनस्वी हो म्हणाली. बरोबर वाक्य होतं.

मग गंगाराम भाचीच्या लग्नाला दापोलीकडे मुरुडला गेला. त्या सकाळी पिशवी काढायला कोणी नव्हतं. खोकी भरली, झाकणं लागली. रझिया उभी राहिली. बाबल्या जाळं गुंडाळण्यात फार गुंतला होता, एरवी कधी नसतो इतका. विनोद जवळ आला.

"चाची, काकाने मना काय सांगितला नाय. तू असा कर, धाच्या नंतर मागच्या गेटवर ये. किचनवाले काय उरला तर देतील."

"उरला तर."

"मी बोलेन त्यांच्याशी. पन रोजचा धरून नको चालू."

विनोदने हे प्रेमाने सांगितलं. रझियाने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी हा तिच्या टोपलीतून कोळंबी पळवायचा आणि ती त्याला मेल्या म्हणून हाक मारायची. आता मेल्या म्हणायची सोय राहिली नव्हती.

"विनोद," ती म्हणाली, "त्या गेटवर तू उबा ऱ्हा. तुला पगार हाय त्याचा."

ती मागच्या गेटवर गेली नाही. दुपारी ती खाडी ओलांडून आडबंदरला गेली. तिथे रुबिना दिलेली आहे. आडबंदरला रापण आहे, हॉटेल नाही. सडा तिथेही आहे, पण तिथे जायला धड रस्ता नाही. रस्ता नसल्याबद्दल आडबंदरचे लोक दर निवडणुकीत रडतात. ज्या दिवशी रस्ता होईल, त्या दिवसानंतर काय होईल हे त्यांना सांगायला रझिया गेली नव्हती. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

रुबिनाने आईचा बेत ऐकला आणि ती कावली.

"अम्मा, माज्या सासरच्या गावात येऊन दोर वढशील? लोक काय बोलतील?"

"काय बोलतील?"

"बोलतील, लेकीकडं जेवायला नाय म्हनून पुळनीवर आली."

"तर तू सांग त्यांना," रझिया म्हणाली, "माजी अम्मा अनुभव घ्यायला आलीय. खारवठीला त्याचे पैसे पडतात."

रुबिनाला हसू आलं आणि आल्याचा राग आला. रात्री राहा म्हणाली. रझिया राहिली नाही. लेकीच्या घरून दोरावर जाणं म्हणजे जावयाच्या ताटात जेवून जाणं. स्वतःच्या घरून जायचं, स्वतःच्या पायांनी यायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा खाडी ओलांडून आली. आडबंदरची रापण लहान, जाळं जुनं, ओढायला माणसं कमी. ती दक्षिणेच्या दोराच्या शेवटी जाऊन उभी राहिली, टाचा रुतवल्या आणि दोर धरला. पुढच्या बाईने मागे पाहिलं.

"कुठली गो तू?"

"पलीकडची."

"हाटेल झालाय तिकडची?"

"ता नको काढू सकाळी सकाळी."

"माजा भाऊ बोलतो, तिकडं लय सुधारना झाली."

"झाली तर," रझिया म्हणाली. "ती सोसली नाय, म्हनून हिकडं आली. वढ."

पिशवी वाळूला लागली. तारली, दोन-चार बोय, खेकडे. वाईटच दिवस होता. आडबंदरच्या तांडेलाने वाटे घातले. तो तिला ओळखत नव्हता आणि त्याने नावही विचारलं नाही. एक वाटा तिच्या पायाशी पडला, बाकीच्यांच्या एवढाच, म्हणजे अगदीच थोडका. तिने तो टोपलीत भरला आणि मान वर न करता निघाली. आभार मानायचा प्रश्न नव्हता.

त्याला आता दोन महिने झाले. मासळी घेऊन ती खाडी ओलांडते आणि वरच्या वाडीतली जी दारं अजून तिची आहेत, तिथे विकते. गंगारामने एकदा निरोप पाठवला होता, पिशवी काढून ठेवलीय म्हणून. तिने उलट निरोप पाठवला की मांजरांना घाल, त्यांची सवय मोडू नको. 'सडा अँड सॉल्ट'च्या खाद्यपत्रिकेत अजूनही लिहिलेलं असतं की इथली मासळी दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकात वाटली जाते. पाहुणे ती ओळ वाचतात, हळवे होतात आणि कोळंबी मागवतात. मनस्वीची बढती होऊन ती दुसऱ्या किनाऱ्यावर गेली आहे, तिथल्या लोकांचे कोणते नियम आहेत ते शोधायला.

आडबंदरला जाणारी तर, म्हणजे खाडी ओलांडून नेणारी होडी, पाच माणसं झाल्याशिवाय हलायची नाही, असा तरीवाल्याचा शिरस्ता होता. रझियाने पहाटे एकटीने जेट्टीवर बसून, आणि तोंड वाजवून, तो मोडायला लावला. आता पहिल्या फेरीची वेळ खाडीकाठच्या फळ्यावर खडूने लिहिलेली असते, माणसं कितीही असोत. उद्या पहिली फेरी पहाटे साडेपाचला सुटते.